पहिल्या नेसण्याची नोंद

मैथिली पराते एका जागी स्वस्थ बसली आहे, असं दृश्य तिच्या वर्गातल्या कोणी पाहिलं नव्हतं. व्याख्यान चालू असलं की तिचा पाय हलायचा, पाय आवरला की पेन, आणि दोन्ही आवरले तर ती सरळ हात वर करून सरांना काहीतरी आडवं विचारायची. नागपूरच्या त्या संस्थेत ती फॅशनच्या धंद्याचं अर्थशास्त्र, हिशेब आणि डेटा विश्लेषण शिकत होती, आणि आपण नेमकं काय शिकतो हे पवनीच्या नातेवाइकांना सांगून सांगून थकली होती. शालिनीआत्या तर दर सुट्टीत तिच्या हातात कापड ठेवायची आणि म्हणायची, एवढा एक ब्लाउज शिवून दे. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, असं सांगितलं की आत्या आईकडे अशी बघायची, जणू सगळी फी नदीत गेली.

आता शेवटचं सत्र होतं आणि मैथिलीची झोप उडाली होती. 'तंतुवेध' नावाच्या कंपनीत तिला प्रकल्प मिळाला होता. प्रकल्प जमला तर तिथेच नोकरी, असं देवयानी खापर्डे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. या मॅडम तिथल्या विश्लेषण विभागाच्या प्रमुख. रोज कडक सुती साडी, बोलणं त्याहून कडक, आणि डोकं असं की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली चूक हातात.

कापडाच्या धंद्याचं एक जुनं दुखणं असतं. दुकानदाराला काय विकलं ते कळतं, काय वापरलं ते कळत नाही. विकलेली साडी हिशेबात जमेची. मग ती बाई ती नेसते, का डांबराच्या गोळ्या घालून कपाटात कोंबते, हे कोण सांगणार? कोंबलेली साडी पुन्हा तशीच घेतली जात नाही, पण हे दुकानदाराला कळेपर्यंत त्याचं गोदाम भरलेलं असतं. तंतुवेधने या दुखण्यावर धागा काढला होता. थंडीत लोकरीचा स्वेटर डोक्यातून काढताना तडतड होते ना, तीच ती वीज. दोन कापडं घासली की ती तयार होते. चालताना साडीच्या निऱ्या एकमेकींवर घासतात. काठात विणलेला चांदीचा मुलामा दिलेला एक बारीक धागा ती वीज गोळा करतो आणि पदराच्या टोकातली मोहरीएवढी चकती तिच्यावर चालते. ना बॅटरी, ना चार्जर.

गंमत पुढे होती. प्रत्येकाची चाल वेगळी. जिन्यावर पाऊल वाजलं की घरातल्यांना न बघता कळतं, कोण आलं ते. त्या चकतीलाही तसंच कळायचं. तिला नाव माहीत नसायचं, फक्त चाल. ही चाल किती वेळ चालली, घरात की बाहेर, पुन्हा कधी आली, एवढं सगळं ती जवळच्या मोबाइलला सांगून मोकळी व्हायची. बायकांना हे अॅप भलतंच आवडलं होतं. साडी जितकी जास्त नेसाल तितकी पुढच्या खरेदीवर सूट, मग का नाही आवडणार?

"माणसं फॉर्मवर खोटं लिहितात, अंगावर खोटं नेसत नाहीत," खापर्डे मॅडम म्हणायच्या. एकदा चहा घेताना त्या याच्याही पुढे गेल्या होत्या. कोणाची साडी कोण नेसतं हे नीट कळलं, तर घरात कोणाचा कोणावर जीव आहे तेही कळेल. आणि ते ज्या कंपनीला कळलं, तिला दिवाळीत कोणाला काय विकायचं हे विचारत फिरावं लागणार नाही. मैथिलीला तेव्हा हे ऐकून अंगावर काटा आला होता, तोही कौतुकाने.

तिचं काम होतं नियम लिहिण्याचं. या सगळ्या चालींवरून पुढच्या हंगामात कुठलं कापड विणायचं आणि कुठलं थांबवायचं, ते ठरणार होतं. तिने नियम लिहिला तो असा : जी आधी नेसते ती विकत घेणारी. एकदा नेसून तिची चाल पुन्हा दिसली नाही आणि दुसरीच चाल दिसू लागली, तर घेणारीला साडी आवडली नाही, तिने ती देऊन टाकली. अशा साडीवर शिक्का, नापसंत. हा नियम परदेशातल्या तयार कोटांच्या आणि फ्रॉकांच्या अभ्यासातून घेतला होता आणि तिथे तो चपखल बसला होता. मॅडमनी मान डोलावली. मैथिलीने बटण दाबलं.

सुती साड्या तरल्या, छापील रेशमी साड्याही तरल्या, आणि करवती बुडाली. करवती म्हणजे टसरची साडी, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, विणतात पवनीला. जवळजवळ निम्म्या करवती साड्यांवर नापसंतीचा शिक्का बसला होता. एवढी महाग साडी, एकदा नेसून देऊन टाकतात म्हणजे बघा, असं म्हणत मॅडमनी करवतीची पुढची ऑर्डर थांबवायचा कागद तयार करायला सांगितला. मैथिलीच्या सादरीकरणानंतर त्यावर सही होणार होती.

आता ही ऑर्डर जायची पवनीच्या विणकर सोसायटीला, आणि सोसायटीसाठी घरच्या हातमागावर बसायची ती मैथिलीची छायाकाकू. काका गेले तेव्हा मैथिली पाचवीत होती. काकूने डोळे पुसले आणि काकांच्या मागावर जाऊन बसली, ती आजतागायत. त्याच मागाच्या खटखटीत मैथिलीने पाढे पाठ केले होते आणि काकूच्याच ताटातलं निम्मं जेवण जेवून ती मोठी झाली होती. ऑर्डर थांबली की तो माग थांबणार, हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. आकडेच तसे आहेत, मी काय करू, असं ती स्वतःला बजावत राहिली आणि गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिली.

तशात तिला आईच्या साडीची आठवण झाली. प्रकल्पाच्या पहिल्या मानधनातून तिने आईला करवती घेतली होती, धाग्याची. अॅप तिनेच आईच्या मोबाइलमध्ये घालून दिलं होतं. म्हणून तिने सहज नोंद उघडली. पहिली चाल एकदाच, थोडाच वेळ, घरातल्या घरात. त्यानंतर दुसरीच चाल, पुन्हा पुन्हा, घरात आणि बाहेरही. तिच्याच नियमाने आईने साडी एकदा नेसली होती आणि कोणाला तरी देऊन टाकली होती.

तिला रडूच फुटलं. पहिल्या कमाईची साडी, आणि आईला ती नको झाली. आईला फोन करून विचारावं असं तिला शंभरदा वाटलं आणि शंभरदा तिने मोबाइल खाली ठेवला.

महालक्ष्म्यांना ती घरी गेली तीच घुश्शात. दारात आई उभी. अंगावर तीच करवती, काठाचे लाल दात झळकताहेत, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मैथिली उंबऱ्यावरच थबकली. म्हणजे आईने दिली नव्हती तर. सुटल्यासारखं वाटून ती सकाळभर नुसती बागडत होती.

दुपारी सवाष्णींची पंगत बसली. शालिनीआत्या मानाच्या पाटावर होती, आई तिच्या शेजारी. छायाकाकू पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. आंबील तिने केली, पुरण तिने वाटलं, वाढत होतीही तीच. महालक्ष्म्यांसमोर मात्र ती सकाळपासून आली नव्हती, आणि त्यात कोणाला काही वेगळं वाटत नव्हतं. मैथिली आनंदाच्या भरात आईच्या मागे येऊन बसली आणि मोबाइल काढून सगळ्यांना सांगू लागली, की बघा, कंप्युटर म्हणतो आईने साडी देऊन टाकली, म्हणजे किती येडा आहे तो. ही दुसरी चाल आईची, मग ही पहिली कोणाची?

पडद्यावर दोन रेषा होत्या. एक सरळ, सारख्या लाटांची. दुसरीत एक लाट लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. बायका कौतुकाने वाकून बघत होत्या. आई एकदम म्हणाली, ठेव तो मोबाइल, जेवू दे सगळ्यांना. तिचा आवाज मैथिलीला कळायला हवा होता, पण तिला कुठलं भान. तेवढ्यात पुरणपोळ्यांचं ताट घेऊन छायाकाकू माजघरातून आली. लहानपणी मोडलेलं हाड वाकडं जुळलं होतं, त्यामुळे ती उजवा पाय जरासा ओढत चालायची. एक पाऊल लांब, एक आखूड. पंगतीतल्या बायका पडद्याकडे बघत होत्या, मग काकूच्या पायांकडे बघू लागल्या.

"वहिनी," शालिनीआत्या म्हणाली, "पोरीच्या पहिल्या कमाईच्या साडीची घडी तुम्ही छायाकडून मोडवली?"

नव्या साडीची घडी मोडायला, म्हणजे ती पहिल्यांदा नेसायला, द्यायची ती आपल्या आवडत्या बाईला. पण रीत सवाष्णीची. काकूने ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि मागच्या दाराने निघून गेली. पंगतीला उरलेल्या पोळ्या मैथिलीने वाढल्या.

संध्याकाळी आई बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती शांतपणे बोलली.

"माह्या मनात दुसरं कोणी आलंच नाही. तुले तिनं वाढवलं, अन् साडीही सोसायटीतली, तिच्याच हातची. जलमभर विणते, पण अंगाला लावत नाही. दार लावून नेसवली मी तिले. आरशाकडे पाठ करून चालत होती, पोरी. इकडून तिकडे, इकडून तिकडे. हसत होती. ते आम्हा दोघींचं होतं. तू पंगतीत वाढलं ते."

मैथिली काकूकडे गेली तर दार आतून लावलेलं. आईने दुसऱ्या दिवशी डब्यात पुरण पाठवलं, तो डबा घासूनपुसून परत आला, रिकामा. या दोन घरांत आजवर रिकामा डबा कधी फिरला नव्हता. निदान चिमूटभर साखर तरी असायचीच. आईने तो उघडून पाहिला आणि फळीवर ठेवला.

नागपूरला आल्याआल्या मैथिली कंप्युटरसमोर बसली. नापसंतीच्या शिक्क्याच्या सगळ्या करवती तिने वेगळ्या काढल्या. ज्यांत पहिली चाल एकदाच, थोडा वेळ आणि नंतर दुसरी चाल कायमची, त्या अजून वेगळ्या केल्या. मग हिशेबाच्या वर्गात शिकवलेलं साधं गणित केलं. साडीची किंमत भागिले ती किती वेळा नेसली. दर नेसण्याचा खर्च याच साड्यांचा अगदी कमी आला. ते बघून तिने खुर्ची मागे सारली आणि खोलीत गरगर फिरू लागली.

तिचा नियम उलटा होता. पहिली चाल विकत घेणारीची नव्हतीच. घेणारी दुसरी होती. तिने घडी मोडायला दिली होती जिवाभावाच्या कोणाला तरी, आणि मग स्वतः ती साडी नेसत राहिली होती, लग्नकार्यात, सणाला, सारखी. नापसंत म्हणून बाजूला काढलेल्या साड्या घरोघरी सगळ्यात लाडक्या होत्या. म्हणजे करवतीला मरण नव्हतंच. आणि असा शोध तिच्या वर्गात कोणाच्या बापजन्मी लागला नव्हता. नोकरी सोडा, मॅडमनी तिला डोक्यावर घेतलं असतं.

पण पाय थांबेनात. तिला चहाच्या वेळचं मॅडमचं बोलणं आठवलं. कोणाचा कोणावर जीव, तो नकाशा आता तिच्या हातात होता. हे सांगितलं की उद्या अॅपमध्ये एक नवं चौकोनी बटण येणार : तुमच्या घरातल्या साडीची घडी कोणी मोडली, ते बघा. सुनेने आपल्याला डावलून बहिणीला दिली हे सासूला दिसणार. जिवलग मैत्रिणीला कळणार की आपला नंबर दुसरा. आणि त्या नोंदींत कितीतरी पहिल्या चाली अशा होत्या, की भर दुपारी, घरातल्या घरात, थोडाच वेळ, उंबरा न ओलांडलेल्या. त्यातल्या सगळ्या काही आरशाकडे पाठ करून चालल्या नसतील. पण काही असतीलच. एकीचं काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते करणारी ती स्वतः होती.

सांगावं तर अशा सगळ्या छायाकाकू पंगतीत वाढल्या जाणार. न सांगावं तर काकूचा माग थांबणार.

सादरीकरणाच्या दिवशी ती उभी राहिली आणि तिने खोटं सांगितलं, अगदी शास्त्राचा पोशाख चढवून. नव्या कोऱ्या साडीला खळ असते. खळ असेपर्यंत निऱ्या नीट घासत नाहीत, वीज वेडीवाकडी तयार होते आणि चाल चुकीची उमटते. तेव्हा पहिलं नेसणं हिशेबातून वगळावं. एवढंच नाही, चकतीच अशी करावी की पहिल्या धुण्यानंतर ती जागी होईल आणि त्याआधीचं काही नोंदणारच नाही. जुन्या पहिल्या नोंदी पुसून टाकाव्यात. मग तिने पहिलं नेसणं वगळून केलेला तक्ता दाखवला. करवती सगळ्यात वर होती.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

"खळ?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम."

"मी अमरावतीची आहे, मैथिली. घडी मोडणं मला माहीत नसेल असं वाटलं तुला? तुझा तक्ता पाहिला आणि लक्षात आलं. मला आधीच का सुचलं नाही, याचीच लाज वाटते आहे. एवढा मोठा शोध तू खळीत बुडवायला निघालीस?"

मैथिलीने मग सगळं सांगितलं, पंगत, काकूचा पाय, रिकामा डबा. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण तेवढ्यावर धंदा चालत नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हा मैथिलीला राग आला, आणि रागात तिचं शिक्षण कामी आलं.

"मग धंद्याचंच सांगते. काही गोष्टी मोजायला घेतल्या की बदलतात. पहिलं नेसणं कोणीतरी बघतंय हे ज्या दिवशी बायकांना कळेल, त्या दिवशी त्या मनातलीला घडी द्यायचं सोडून ज्या नणंदेला दिसायला हवं तिला देतील. तुमचा नकाशा खोटा होईल. आणि ज्यांना खरंच कोणाला जपायचं असेल, त्या कात्री घेऊन काठातला धागाच काढून टाकतील. मग धुण्यानंतरचंही काही कळणार नाही तुम्हाला."

मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांनी बोटांत चोळलं. मग टेबलाशी आल्या, ऑर्डर थांबवायचा कागद फाडला, चकती पहिल्या धुण्यानंतरच जागी करायचा हुकूम लिहिला आणि पहिल्या नोंदींचा सगळा रकाना मैथिलीच्या देखत पुसला.

"तुझं म्हणणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तू आधी खोटं बोललीस आणि खरं नंतर. आकडे लपवणारी विश्लेषक मी ठेवू शकत नाही. नोकरी नाही."

मैथिलीने मान हलवली. जिना उतरताना तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि ते ती लपवायलाही गेली नाही. रस्त्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ती पोटभर रडली. मग उठली. पुढच्या महिन्यात शेवटचं मानधन हातात आलं, तेव्हा तिने नव्या चकतीची एक करवती घेतली आणि पवनीची बस पकडली.

छायाकाकू मागावर होती. सोसायटीत ऑर्डर आल्याचं कळलं होतं, तिने नवा ताणा चढवला होता. मैथिली आली तरी तिने मान वर केली नाही. मैथिलीने काहीच प्रस्तावना केली नाही. नोकरी हुकल्याचं सांगितलं, का हुकली तेही सांगितलं. पदवीच्या समारंभाला नेसायला साडी आणली आहे म्हणाली, आणि घडी तशीच काकूच्या मांडीवर ठेवली.

"चुकले मी, काकू. फार चुकले. घडी तू मोडून दे."

माग थांबला. काकू साडीवरून हात फिरवत राहिली. बोटं काठावर आली, तिथे चांदीचा धागा लागला तशी ती थबकली.

"हा लिहून घेते ना सगळं?"

"धुतल्यावर. आज तू नेसलीस तर कोणालाच कळणार नाही. दार लावून घेऊ?"

काकू उठली. दाराकडे एकदा बघितलं, आणि ते तसंच उघडं ठेवून आतल्या खोलीत गेली. बाहेर आली ती करवती नेसून. या वेळी तिने आरशात पाहिलं, पदर नीट केला, फळीवरचा एक स्टीलचा डबा काढून त्यात सकाळचे लाडू भरले आणि झाकण लावलं.

"काहून बसून राहिली? चाल."

पण मैथिलीचे पाय आज हलत नव्हते. तू हो पुढे, म्हणाली ती, आणि काकूच्या जागी मागावर बसून राहिली. दारातून सगळी गल्ली दिसत होती. ओट्यावर शालिनीआत्या डाळ निवडत बसली होती, समोरच्या घरातल्या दोघी नळावर होत्या. त्यांच्या देखत छायाकाकू भर उन्हात चालली होती, एक पाऊल लांब, एक आखूड, हातातला भरलेला डबा सांभाळत, आईच्या घराकडे.